जीपीएस ट्रॅकरची कच्ची फाइल कशी वाचावी: गाडीमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

ट्रॅकर कंपनीच्या पोर्टलवर दिसणारा अहवाल आणि त्याच ट्रॅकरमधून उतरवलेला कच्चा डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात कोणीतरी आधीच वेळ बदललेली असते, खराब नोंदी गाळलेल्या असतात आणि थांबा कशाला म्हणायचे हेही ठरवलेले असते. कच्च्या फाइलमध्ये यातले काहीच झालेले नसते. तरीही कोल्हापूर परिसरातील बहुतेक गाडीमालक, मग ते ऊस वाहतूकदार असोत, दुधाचे टँकर चालवणारे असोत किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतून माल उचलणारे असोत, फाइल हातात पडताच सर्वांत आधी किलोमीटरची बेरीज करतात आणि ती ड्रायव्हरने सांगितलेल्या आकड्याशी जुळली नाही की वादाला सुरुवात होते. चूक बेरजेत नसते, क्रमात असते. आधी वेळ, मग जागा, मग खराब नोंदी, त्यानंतर इग्निशन (चावी चालू की बंद) व थांबे आणि सर्वांत शेवटी अंतर, या क्रमानेच फाइल वाचावी.

टप्पा १: फाइल मागवण्यापूर्वी

ट्रॅकर पुरवणाऱ्याकडे नुसता "डेटा द्या" असा निरोप पाठवल्यास बहुधा तयार अहवालच एक्सेलमध्ये येतो. त्यामुळे मागणी लेखी करावी आणि तिच्यात पुढील बाबी स्पष्ट लिहाव्यात: प्रत्येक नोंदीची उपकरणाची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ असे दोन्ही रकाने हवेत, नोंद वैध की अवैध हे सांगणारा रकाना, उपग्रहांची संख्या, एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीवरून जागा किती अचूक असेल हे सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला), इग्निशन, बाह्य व्होल्टेज (गाडीच्या बॅटरीचे) आणि ऑडोमीटर हवेत, आणि प्रत्येक रकान्याचे एकक व अर्थ सांगणारी सूची हवी. ही सूची नसेल तर पुढचे सर्व काम अंदाजावर चालते. उदाहरणार्थ, टेल्टोनिका या ट्रॅकर बनवणाऱ्या कंपनीच्या एफएमबी मालिकेतील उपकरणांत २३९ हा क्रमांक इग्निशनचा, ६६ हा बाह्य व्होल्टेजचा आणि १६ हा एकूण ऑडोमीटरचा असतो. कच्च्या फाइलमध्ये फक्त हे क्रमांकच छापून आले, तर सूचीशिवाय वाचणाऱ्याला काहीही बोध होत नाही.

ज्या दिवसाचा तपास करायचा आहे, त्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही दिवस मागवावेत. कारण तिसऱ्या टप्प्यात कळेल.

याशिवाय एक ओळखीचा दिवस निवडावा. त्या दिवशी गाडी कुठे होती, कधी निघाली आणि कधी पोहोचली हे कागदपत्रांवरून सिद्ध करता आले पाहिजे. कारखान्याची काटा पावती, फास्टॅगचे विवरण, डिझेलची वेळ छापलेली पावती, यांपैकी दोन तरी हाताशी असाव्यात. वादाच्या दिवसाची फाइल उघडण्याआधी ओळखीच्या दिवसाची फाइल वाचून पाहावी, म्हणजे उपकरणाच्या सवयी लक्षात येतात.

टप्पा २: फाइल न बिघडवता उघडणे

सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडणे आणि लगेच सेव्ह करणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. तसे केल्याने तीन प्रकारचे नुकसान होते. पहिले, उपकरणाची ओळख सांगणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक घातांकी रूपात दिसू लागतो आणि त्याच रूपात सेव्ह झाला की मूळ अंक जातात. दुसरे, एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपत असल्यामुळे १९-२० अंकी सिमकार्ड क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात. तिसरे आणि सर्वांत घातक म्हणजे तारखांची उलटापालट. संगणकाची मांडणी महिना-दिवस अशी असेल तर ०५/११ ही ५ नोव्हेंबरची नोंद ११ मे होऊन बसते, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मात्र तारीख न राहता साधा मजकूर म्हणून पडून राहतात.

म्हणून आधी मूळ फाइलची प्रत काढून मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. त्यानंतर रिकामी एक्सेल फाइल उघडून "डेटा" या विभागातून सीएसव्ही आयात करावी आणि आयात करताना क्रमांकांचे व तारखांचे रकाने "टेक्स्ट" म्हणूनच घ्यावेत.

*तपासणी:* दर १० सेकंदांना नोंद करणारे उपकरण दिवसाला ८,६४० आणि ३० दिवसांत २,५९,२०० ओळी तयार करते. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे चार गाड्यांचा महिना कसाबसा बसतो, पाचव्या गाडीच्या ओळी मात्र कापल्या जातात. गाडीगणिक वेगळी फाइल मागवणेच सोयीचे.

टप्पा ३: वेळ सरळ करणे

हा टप्पा घाईने उरकला तर पुढचे सगळेच फसते, म्हणून येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

बहुतेक उपकरणे यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्री १२ ते पहाटे साडेपाच या काळात घडलेली प्रत्येक गोष्ट फाइलमध्ये आदल्या तारखेखाली सापडते. गळीत हंगामात गाड्या रात्रभर धावतात. १५ तारखेच्या पहाटे साडेतीनला कारखान्याच्या गव्हाणीकडे (ऊस टाकण्याच्या जागेकडे) सरकलेली गाडी फाइलमध्ये १४ तारखेला रात्री दहाला सरकलेली दिसते आणि १५ तारखेची फाइल पाहणारा मालक म्हणतो, खेप झालीच नाही. आधीचा व नंतरचा दिवस मागवण्याचे कारण हेच.

काही फाइलींत तारखेऐवजी दहा अंकी संख्या असते. ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजते. एक्सेलमध्ये तिचे रूपांतर करण्यासाठी तिला ८६,४०० ने भागावे, त्यात २५,५६९ मिळवावेत आणि भारतीय वेळेसाठी आणखी ५.५ भागिले २४ मिळवावेत. त्यानंतर त्या खान्याला तारीख-वेळेचे स्वरूप द्यावे. पडताळणीसाठी १७०००००००० ही दहा अंकी संख्या घ्यावी आणि उत्तर १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद असे आले पाहिजे. संख्या तेरा अंकी असेल तर ती मिलिसेकंदांत आहे. आधी १,००० ने भागून घ्यावे.

*इशारा:* काही पोर्टल फाइल उतरवतानाच भारतीय वेळ लावून देतात. तिच्यात पुन्हा साडेपाच तास मिळवले तर सकाळची खेप दुपारची होते. कोणती वेळ आली आहे हे पुरवठादाराच्या तोंडी उत्तरावर न ठरवता पुराव्यावर ठरवावे. किणी किंवा तासवडे टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेल्याची वेळ बँकेच्या विवरणात मिळते. मोबाइलवर येणारा संदेश उशिरा येऊ शकतो, म्हणून तो धरू नये. त्या वेळी फाइलमधली गाडी नाक्यावर असेल तर वेळ बरोबर. ती साडेपाच तास आधीच तेथे आढळली तर फाइल यूटीसीत आहे, साडेपाच तास मिळवावेत.

आता दोन वेळांचा प्रश्न. गगनबावड्याकडे, आंबा घाटात किंवा राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना मोबाइलची रेंज जाते, पण उपग्रह दिसत राहतात. उपकरण तेवढ्या काळातल्या नोंदी स्वतःकडे साठवते आणि रेंज आल्यावर एकदम पाठवते. त्यात ताजी नोंद आधी आणि जुन्या नंतर असेही होते. फाइल सर्व्हरच्या वेळेनुसार लावली तर गाडी मलकापूरहून साखरप्याला आणि तिथून परत घाटात उड्या मारताना दिसते. यासाठी क्रमवारी नेहमी उपकरणाच्या वेळेनेच लावावी. एआयएस १४० या वाहन ट्रॅकरसाठीच्या भारतीय मानकाच्या उपकरणांत प्रत्येक नोंदीसोबत ती ताजी आहे की साठवलेली हे सांगणारे अक्षर असते: ताजीसाठी एल, साठवलेलीसाठी एच.

*तपासणी:* क्रमवारी लावल्यावर सर्वांत जुनी तारीख पाहावी. १९७० किंवा १९८० सालची नोंद असेल तर त्या क्षणी उपकरणाचे घड्याळ लागलेले नव्हते. जुन्या उपकरणात सगळ्याच तारखा सुमारे १९ वर्षे ७ महिने मागे दिसत असतील तर तो जीपीएसच्या आठवड्यांची मोजणी १,०२४ नंतर पुन्हा शून्यावर जाण्याचा परिणाम आहे. अशी मोजणी ६ एप्रिल २०१९ च्या रात्री यूटीसीनुसार शून्यावर आली होती. तारखांत ७,१६८ दिवस मिळवले की त्या जागेवर येतात.

टप्पा ४: जागा सरळ करणे

कोल्हापूर शहर साधारण १६.७०५ अक्षांश आणि ७४.२४३ रेखांशावर आहे. दोन्ही रकान्यांची अदलाबदल झाली तर गाडी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाते आणि चूक लगेच पकडली जाते. खरा धोका पकडल्या न जाणाऱ्या चुकीचा आहे. अनेक उपकरणे अंश आणि मिनिटे एकत्र जोडून लिहितात. अशा फाइलमध्ये १६४२.३००० म्हणजे १६ अंश ४२.३ मिनिटे, म्हणजेच ४२.३ भागिले ६० करून १६.७०५ अंश. कोणी नुसता बिंदू सरकवून १६.४२३ वाचले, आणि रेखांशाच्या ०७४१४.५९८० चे ७४.१४६ केले, तर गाडी ३१ किलोमीटर दक्षिणेला आणि १० किलोमीटर पश्चिमेला, राधानगरी-भुदरगडच्या बाजूला जाऊन पडते. ठिकाण जिल्ह्यातलेच असल्यामुळे शंका येत नाही, उलट "गाडी तिकडे कशाला गेली होती" असा जाब ड्रायव्हरला विचारला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे: बिंदूच्या लगेच आधीचे दोन अंक संपूर्ण फाइलमध्ये कधीही ५९ च्या वर जात नसतील, आणि अक्षांश चार अंकी तर रेखांश पाच अंकी असेल, तर ती अंश-मिनिटांची मांडणी आहे.

दशांशस्थळेही मोजावीत. तीन दशांशस्थळांत जागा सुमारे १११ मीटरपर्यंतच सांगता येते, पाचांत सुमारे एक मीटरपर्यंत. तीन स्थळांच्या फाइलवरून गाडी फडात उभी होती की रस्त्याच्या कडेला, हे ठरवता येत नाही.

वेगाचा रकानाही येथेच तपासून घ्यावा. काही उपकरणे वेग नॉटमध्ये देतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. रिकाम्या महामार्गावरचा ट्रक तासन्‌तास ३० ते ३५ च्या आसपासच दिसत असेल तर एकक विचारावे.

*तपासणी:* गाडी रोज जिथे मुक्कामाला उभी राहते त्या जागेची एक नोंद नकाशावर टाकून पाहावी. ती बरोबर पडल्यावर तावडे हॉटेल चौकासारख्या, गाडी नक्की जाते अशा दुसऱ्या ठिकाणाचीही पाहावी. एकाच बिंदूवर विश्वासून पुढे जाऊ नये.

टप्पा ५: खराब नोंदींवर खूण करणे

खराब ओळी पुसून टाकू नयेत. शेजारी एक नवा रकाना करून त्यात कारण लिहावे, म्हणजे पुढे कोणी विचारले तर उत्तर देता येते. खूण करण्यासारख्या नोंदी अशा: वैधतेच्या रकान्यात अवैध असलेल्या (एनएमईए, म्हणजे जीपीएस उपकरणांच्या ठरावीक मांडणीतल्या वाक्यांत वैधसाठी ए आणि अवैधसाठी व्ही हे अक्षर असते), अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य असलेल्या, चारपेक्षा कमी उपग्रह असलेल्या, एचडीओपी ५ च्या वर असलेल्या, आणि वेळ व जागा तंतोतंत सारखी असलेल्या दुबार नोंदी. सर्व्हरकडून पोच मिळाली नाही की उपकरण तीच नोंद पुन्हा पाठवते, त्यामुळे दुबार नोंदी हा कोणाचाही खोडसाळपणा नसतो. एचडीओपी काही उपकरणांत दहापटीने लिहिलेला असतो, तेव्हा ९ पाहून घाबरण्यापूर्वी सूची पाहावी.

यानंतर उड्या शोधाव्यात. लगतच्या दोन नोंदींमधले अंतर त्यांच्यामधल्या वेळेने भागले की ताशी वेग मिळतो. ट्रकसाठी तो १२० च्या वर किंवा दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ५० च्या वर निघाला तर त्यांतली एक नोंद चुकीची आहे.

*इशारा:* उभ्या गाडीची दिशा आणि एकट्या नोंदीतला चमत्कारिक वेग यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. वेगमर्यादा ओलांडली असे म्हणायचे असेल तर सलग अनेक नोंदी तेच सांगत असाव्यात.

टप्पा ६: इग्निशन आणि व्होल्टेज एकत्र वाचणे

इग्निशनच्या रकान्यातला १ म्हणजे चावी फिरवलेली आहे. इंजिन चालू असेलच असे नाही. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर इंजिन बंद करतो, पण टेप किंवा पंख्यासाठी चावी चालूच ठेवतो. पोर्टल या सगळ्या वेळेला "आयडलिंग" (उभ्या गाडीचे इंजिन चालू) म्हणते आणि त्यावरून डिझेलचा हिशेब मांडला जातो. हा अन्याय टाळण्यासाठी बाह्य व्होल्टेज वाचावे. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये इंजिन बंद असताना ते साधारण २४ ते २५ व्होल्ट आणि इंजिन चालू होऊन अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) फिरत असताना २७ ते २८ व्होल्ट असते. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरमध्ये हेच आकडे साधारण १२.५ आणि १४ असतात. फाइलमध्ये ते बहुधा मिलिव्होल्टमध्ये येतात. खालील नोंदी नमुन्यादाखल, भारतीय वेळेत दिल्या आहेत.

| वेळ | इग्निशन | वेग | मिलिव्होल्ट |
|---|---|---|---|
| ०१:५२ | १ | ६ | २७९०० |
| ०१:५३ | १ | ० | २७८५० |
| ०१:५४ | १ | ० | २४९५० |
| ०२:३० | १ | ० | २४६०० |
| ०२:३१ | १ | ४ | २७६५० |
| ०२:३२ | १ | ० | २७८०० |
| ०२:३३ | ० | ० | २५१०० |

गाडी ०१:५३ ला थांबली आणि मिनिटभरात इंजिन बंद झाले. चावी चालू राहिल्यामुळे पुढच्या ३६ मिनिटांत बॅटरी हळूहळू २४.९५ वरून २४.६ वर उतरली. ०२:३१ ला इंजिन चालू होऊन गाडी रांगेत थोडी पुढे सरकली, आणि त्यानंतर इंजिन व चावी दोन्ही बंद झाली. पोर्टल येथे सुमारे ३९ मिनिटांचे आयडलिंग दाखवील. उभ्या गाडीचे इंजिन प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटेच चालले आहे.

उलट प्रकारही घडतो. बसवणाऱ्याने इग्निशनची तार थेट बॅटरीच्या लाइनला जोडली असेल तर रकान्यात रात्रंदिवस १ च दिसतो. मुक्कामाच्या रात्रीही १ असेल तर तो रकाना सोडून द्यावा आणि फक्त व्होल्टेजवर काम करावे. व्होल्टेज एकदम शून्य झाले आणि उपकरणाच्या आतल्या बॅटरीवर नोंदी चालू राहिल्या, तर मुख्य पुरवठा तुटला होता. पुरवठ्याची तार कोणी ओढली की ती सैल झाली, हे फाइल सांगत नाही.

डिझेल सेन्सरचा रकाना टाकीच्या कॅलिब्रेशन कोष्टकाशिवाय (सेन्सरचा कोणता आकडा म्हणजे किती लिटर हे सांगणारा तक्ता) वाचूच नये. चढ-उतारावर टाकीतले डिझेल कलते आणि आकडा खाली-वर होतो. करूळ घाटात आकड्यात झालेली अशी घट चोरी म्हणून वाचली गेल्याची तक्रार वाहतूकदारांत नेहमीची आहे.

टप्पा ७: पोकळ्यांची कारणे लावणे

दोन नोंदींमध्ये ठरलेल्या अंतरापेक्षा बराच जास्त वेळ गेलेला असेल तर ती पोकळी. चावी बंद झाल्यावर उपकरण झोपेच्या स्थितीत जाऊन अर्ध्या किंवा एका तासाने एकच नोंद करते. अशी पोकळी नियमित असते आणि तिच्या दोन्ही टोकांना जागा एकच असते. रेंज गेल्यामुळे पडलेली पोकळी साठवलेल्या नोंदी आल्यावर भरून निघते, म्हणून कालची फाइल आजच न उतरवता एक दिवस थांबून उतरवावी. पुरवठा तुटल्याची पोकळी सुरू होण्याआधी व्होल्टेज पडलेले असते. यांपैकी काहीच नसून पोकळीच्या दोन टोकांमध्ये जागा बदललेली असेल, तरच चौकशीला कारण आहे.

टप्पा ८: आता अंतर

लगतच्या दोन वैध नोंदींतले अंतर मोजण्यासाठी कोल्हापूरच्या अक्षांशावर पुढील सोपी रीत पुरते: अक्षांशातील फरकाला ११०.७ ने आणि रेखांशातील फरकाला १०६.७ ने गुणावे, दोन्ही उत्तरांचे वर्ग करून बेरीज घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते.

या बेरजेत दोन विरुद्ध दिशांच्या चुका असतात. उभ्या गाडीचा बिंदू जागच्या जागी थरथरत राहतो. दर १० सेकंदांना नोंद होत असेल आणि बिंदू प्रत्येक वेळी सरासरी तीनच मीटर हलत असेल, तरी दहा तासांच्या मुक्कामात १०.८ किलोमीटर जमा होतात. म्हणून सहाव्या टप्प्यात थांबा म्हणून ठरलेल्या काळातील अंतर शून्य धरावे. घाटात याच्या उलट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने, मिनिटाला एकच नोंद होत असेल तर दोन नोंदींमध्ये ५०० मीटर रस्ता जातो. वळणे सरळ रेषेने कापली जातात आणि अंतर कमी भरते. कोकणात उतरणाऱ्या खेपांचे किलोमीटर मिनिटाच्या नोंदींवरून ठरवणे ड्रायव्हरच्या पदरचे कापण्यासारखे आहे. अशा गाड्यांवर नोंदीचा कालावधी १० सेकंदांवर आणून घ्यावा, किंवा वळणागणिक नोंद करण्याची सोय उपकरणात असल्यास ती चालू करून घ्यावी.

ऑडोमीटरचा रकाना असेल तर दिवसाच्या शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करून तुलना करावी. तो मीटरमध्ये आहे की किलोमीटरमध्ये, आणि उपकरणाने जीपीएसवरून स्वतः मोजलेला आहे की गाडीच्या संगणकातून घेतलेला, हे सूचीत पाहावे. जीपीएसवरूनच मोजलेला असेल तर तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही, कारण वरच्या दोन्ही चुका त्यातही असतात.

*तपासणी:* ओळखीच्या दिवसाच्या काटा पावत्यांएवढ्याच खेपा फाइलमध्ये निघाल्या पाहिजेत. एक जरी कमी-जास्त असेल तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

टप्पा ९: खेपपत्रक आणि मूळ फाइलची जपणूक

शेवटी प्रत्येक खेपेची एक ओळ करावी: निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, इंजिन चालू असलेला काळ, इंजिन बंद ठेवून थांबलेला काळ, अंतर आणि शेरा. अंतर पूर्ण किलोमीटरमध्येच लिहावे. मीटरपर्यंतचा आकडा लिहिला तर नसलेल्या अचूकतेचा भास होतो.

अपघात, विमा किंवा भाड्याचा वाद कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर आयात केलेली, रकाने वाढवलेली प्रत उपयोगी नाही; पुरवठादाराकडून आलेली मूळ, न उघडलेली फाइलच लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधून काढलेली, एक अक्षर बदलले तरी बदलणारी ओळखखूण) नोंदवायचे असते, म्हणून फाइल मिळाल्याच दिवशी ते काढून घेण्यास पुरवठादाराला सांगावे. मूळ फाइलच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक टीप ठेवावी: फाइल कोणी, कधी आणि कोणत्या ईमेलने दिली, वेळ यूटीसी होती की भारतीय, आणि पाचव्या टप्प्यात किती ओळींवर कोणत्या कारणाने खूण केली. ड्रायव्हरला खेपपत्रक दाखवायचे असेल तेव्हा ही टीपही सोबत दाखवावी आणि त्याचे म्हणणे शेऱ्याच्या रकान्यात त्याच वेळी लिहून घ्यावे.